निघायचं म्हटलं तर किती?

दिंडोरीहून रोज एसटीने येणारी एक मुलगी वर्षभरापासून आमच्याकडे अक्षरजुळणी शिकते आहे. नाशिकला अशोक स्तंभाजवळ आमच्या दोन खोल्या आहेत. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, निर्यातीच्या द्राक्षपेट्यांवरची लेबलं असं सगळं तिथे होतं. एका संध्याकाळी निघता निघता तिने हप्त्यांचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ताई, तुमच्यासारखाच घेऊ का?" कागदावर अ‍ॅपलचा मॅकबुक एअर लॅपटॉप होता आणि लाखाला टेकलेला आकडा. घरी दीड एकर द्राक्षबाग, त्यावरच सगळं भागवायचं. हप्ते तिच्या पगारातून जाणार होते.

मी २००९ पासून मॅकवर काम करते. "घे" म्हणायला मला क्षणभरही लागायला नको होता. तरी मी तिला पंधरा दिवस थांबवलं. तिच्या प्रश्नाने मलाच कोड्यात टाकलं होतं: इतकी वर्षं आपण या एकाच कंपनीकडे का राहिलो, आणि त्यासाठी नेमकं काय मोजलं?

आधी सोयीबद्दल. महाग संगणकावर टीका करणारे बरेचजण सोय म्हणजे चैन समजतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. माझ्या धंद्यात सोय म्हणजे वेळेवर हातात पडलेलं काम. लग्नाची तारीख पुढे जात नाही, दिवाळीही जात नाही. भर कामात वीज गेली तरी लॅपटॉप संध्याकाळपर्यंत चालतो, हे माझ्यासाठी पैशात मोजता येणारं सुख आहे. फोनवर काढलेला मुद्रिताचा, म्हणजे प्रूफाचा, फोटो दुसऱ्या क्षणी मोठ्या पडद्यावर येतो. नवा संगणक आणला की जुन्यातलं सगळं, अगदी टंकांच्या (फाँटच्या) याद्यांसकट, एका संध्याकाळी त्यात उतरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच पान पुढे जुळवत असते. देवनागरीचंही तसंच. कोहिनूर देवनागरी आणि श्री देवनागरी ७१४ हे टंक मॅकमध्ये मुळातच असतात. ज्यांनी 'दुसऱ्या'मधला ऱ्य वाकडातिकडा उमटलेला पाहून रात्री जागवल्या आहेत, त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही.

आमचा व्यवसायच मुळात या यंत्रावर जन्मला, हेही खरं आहे. १९८५ मध्ये अ‍ॅल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर मॅकिंटॉशसाठी, म्हणजे तेव्हाच्या मॅकसाठी, आलं, त्याच वर्षी अ‍ॅपलचा लेझररायटर प्रिंटर आला, आणि छपाईचे खिळे जुळवणाऱ्या हातांचं काम टेबलावरच्या पडद्यावर आलं. तेव्हा मॅकबद्दल मला जी आपुलकी वाटते ती जाहिरातीने पेरलेली नाही.

आता पैसे. २०२०च्या शेवटी एम१ चिपचा मॅकबुक एअर भारतात ९२,९०० रुपयांना आला. त्यात रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी स्मृती, होती ८ जीबी. १६ जीबी हवी तर २०,००० रुपये जास्त, म्हणजे १,१२,९००. मी तोच घेतला. तो सात वर्षं चालला असं धरलं तर वर्षाला साधारण १६,१०० रुपये पडतात. पंचावन्न हजारांचा दुसरा चांगला लॅपटॉप चार वर्षं चालला तर वर्षाला १३,७५० रुपये. फरक महिन्याला दोनशे रुपयांचा. वर मॅक जुना झाला तरी बरी किंमत येते. तेव्हा "निव्वळ लूट आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन घेऊन बसावं. रोज आठ-दहा तास ज्याच्यापुढे बसायचं त्या यंत्रासाठी महिन्याला दोनशे रुपये जास्त मोजणं मला मुळीच वावगं वाटत नाही.

मग मी अडले कुठे? त्या २०,००० रुपयांवर. त्या काळात ८ जीबीची साधी रॅम पट्टी बाजारात तीन-साडेतीन हजारांना मिळत होती. तुलना तंतोतंत नाही, एम१ची स्मृती चिपच्या शेजारीच बसवलेली असते आणि वेगळ्या तऱ्हेने चालते, हे मान्य. तरीही ही रक्कम मागता येते याचं मोठं कारण असं की ती रॅम दुसरीकडून आणता येत नाही आणि नंतर वाढवताही येत नाही. विकत घेताना जे ठरवलं तेच शेवटपर्यंत. म्हणजे ते वीस हजार नुसत्या रॅमचे नव्हते. पुढे मला दुसरीकडे जाता येणार नाही, याचेही त्यात होते.

इथून माझा विचार बदलत गेला. एखाद्या कंपनीकडे राहावं की नाही हे ठरवताना आपण आत शिरण्याची किंमत पाहतो. ती फलकावर लिहिलेली असते. बाहेर पडण्याची किंमत कुणी लिहीत नाही, ती दरवर्षी थोडी थोडी वाढते, आणि ज्या दिवशी निघायचं त्याच दिवशी कळते.

हा योगायोग नाही. २०१४ मध्ये अ‍ॅपल आणि सॅमसंग यांच्या खटल्यात कंपनीचे प्रमुख असलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० साली लिहिलेला एक ईमेल पुढे आला. पुढच्या वर्षाच्या बेतांची टिपणं होती त्यात. त्यांचा आशय असा की आपली सगळी उत्पादनं एकमेकांत बांधायची, म्हणजे गिऱ्हाईक आपल्या व्यवस्थेत आणखी पक्कं अडकेल. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपलविरुद्धच्या २०२१च्या खटल्यात आणखी पत्रव्यवहार उघड झाला. अ‍ॅपलची संदेशसेवा अँड्रॉइडवर आणली तर आयफोनवाल्या घरांतून मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देण्यातला अडथळाच निघून जाईल, असं कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लिहिलं होतं. मी हे वाचलं तेव्हा राग आला असं म्हणणार नाही. वाईट वाटलं. जी सोय मी मनापासून वाखाणत होते तिच्या आराखड्यात माझं अडकणंही मोजलेलं होतं.

पण हे सगळं एका कंपनीवर ढकलणं सोपं आहे आणि चुकीचंही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे २०१७च्या आधीचे, उत्तम चालणारे असंख्य संगणक एका तारखेने जुने ठरले. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये आपली सॉफ्टवेअरं विकत देणं सोडून वर्गणीवर आणली. वर्गणी थांबली की आपणच जुळवलेलं पुस्तक त्यात उघडता येत नाही. अ‍ॅपलने २०१९च्या कॅटालिना या मॅकच्या प्रणालीपासून ३२-बिट, म्हणजे जुन्या घडणीचे, प्रोग्रॅम बंद केले. आयक्लाउड ही फोटो-फाइली ठेवायची त्यांची ऑनलाइन सेवा २०११ मध्ये आली तेव्हा ५ जीबी जागा फुकट होती, आजही ५ जीबीच आहे. या काळात फोनच्या कॅमेऱ्यातल्या एकेका फोटोचं वजन किती वाढलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वाट वेगवेगळी, पण पोहोचतो एकाच ठिकाणी.

महात्मा गांधी रोडवर एक दुरुस्तीवाले आहेत, पंचवीस वर्षांपासूनच्या ओळखीचे. त्यांच्या टेबलावर एकदा एक पातळ, देखणा लॅपटॉप उघडा पडला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. एका छायाचित्रकाराचा होता, त्यावर चहा सांडला होता. बोर्ड गेला होता. साठवणही बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणून आतली दोन लग्नंही गेली. पूर्वी हार्डडिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली असती. दुरुस्तीवाले मला म्हणाले, "ताई, आता खोलता येतं, पण काढता काहीच येत नाही." समोर तो छायाचित्रकार उभा होता. दोन घरांना काय सांगायचं याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. प्रत त्याने ठेवायला हवी होती, बरोबर. पण ज्या वस्तूतून आपलीच गोष्ट बाहेर काढता येत नाही, ती वस्तू पूर्णपणे आपली कशी म्हणायची?

माझा स्वतःचा धडा मात्र संगणकाने दिलेला नाही. तो मराठी टंकाने दिला.

नाशिकमधल्या एका जुन्या संस्थेची शताब्दी स्मरणिका आम्ही २००४ मध्ये जुळवली होती. दोनशेहून जास्त पानं. गावातल्या जुन्या शिक्षकांच्या, वैद्यांच्या, घाटावरच्या माणसांच्या आठवणी. त्यातले बरेच लेखक आता हयात नाहीत. काही वर्षांपूर्वी संस्थेने नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. मी जपून ठेवलेली सीडी काढली, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडला. मराठीचं एक अक्षर नाही.

कारण साधं होतं. त्या काळच्या मराठी टंकांमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. कोणता आकार कोणत्या जागी हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवी. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतंच. मराठी होतं टंकात, टंक होता सॉफ्टवेअरच्या ताब्यात, आणि सॉफ्टवेअर चालायचं ते संगणकाच्या मागे लावलेल्या डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या छोट्या किल्लीवर. तो डोंगल आणि तो ज्यात बसायचा तो संगणक, दोन्ही केव्हाच भंगारात गेले होते. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, आम्ही वापरून पाहिले. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला, जोडाक्षरं फुटली, काही ठिकाणी वाक्याचा अर्थच बदलला. शेवटी छापील प्रत समोर ठेवून दोघींनी सहा आठवडे सगळं पुन्हा टंकलं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. २००४ मध्ये आम्ही ते वापरू शकलो असतो का? छपाईसाठी तेव्हा ते अवघडच होतं, पण मजकुराची एक युनिकोड प्रत ठेवता आली असती. आम्ही ठेवली नाही, कारण हातातलं सॉफ्टवेअर फार सोयीचं होतं. त्याचा कळफलक बोटांत बसला होता, त्याचे टंक सुरेख होते, सगळे प्रेसवाले तेच मागत. आम्ही सोय घेतली, आणि दुसऱ्यांच्या आठवणी अशा कुलुपात ठेवल्या ज्याची किल्ली आमच्याकडे नव्हती. ही गोष्ट मला अजून टोचते. मराठी वर्तमानपत्रांच्या, प्रकाशकांच्या, विद्यापीठांच्या कपाटांत त्या वीसेक वर्षांचा मजकूर अशाच जुन्या टंकांत किती पडून असेल, याचा विचार केला की हा माझ्या एकटीच्या धंद्याचा प्रश्न राहत नाही.

म्हणूनच "महाग वाटतं तर घेऊ नका, कोणी जबरदस्ती केली आहे का?" हे उत्तर मला अपुरं वाटतं. आत शिरताना ग्राहक मोकळा असतो. दहा वर्षांनी तो मोकळा नसतो. तेव्हा त्याचे फोटो, पासवर्ड, विकत घेतलेले प्रोग्रॅम, बोटांची सवय, सगळं एकीकडे असतं. त्या वेळी वाढवलेली किंमत त्याने पसंत केली असं म्हणता येत नाही.

यावर आपल्या देशात एकदा फार चांगला उपाय झाला आहे. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. त्याआधी कंपनी बदलली की नंबर जायचा, आणि लोक आमच्याकडे व्हिजिटिंग कार्डं, लेटरहेड, बिलबुकं पुन्हा छापायला यायचे. नव्या नंबराच्या चिकटपट्ट्याही आम्ही छापल्या आहेत. सेवा वाईट, तरी नंबरासाठी थांबलेले कितीतरी व्यापारी मला माहीत होते. नियामकाने ते बंधन तोडलं, आणि त्या वेळी ग्राहकाला त्यासाठी जास्तीत जास्त १९ रुपये लागत. बाहेर पडायची किंमत सरकारने ठरवून दिली: एकोणीस रुपये. त्यामुळे कुठली कंपनी नाइलाजाने वाईट सेवा देऊ लागली असं झालं नाही. उलट गिऱ्हाईक जाऊ शकतं हे कळल्यावर ती वागायला सुधारली.

संगणक आणि फोनमधल्या आपल्या माहितीबद्दल असं का होऊ नये? युरोपात मे २०१८ पासून माणसाला आपली माहिती वापरता येईल अशा रूपात मागून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडच्या २०१९च्या विधेयकातही तो होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्यात तो उरला नाही. या गळतीवर मराठीत फारशी चर्चा झाल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि व्हायला हवी होती. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं ही चांगली सुरुवात होती, पण पोर्टलवरची माहिती आणि कायद्याचं बंधन यांत अंतर आहे. अ‍ॅपलच्याच नियमात, विक्री थांबल्यावर पाच वर्षांनी वस्तू 'व्हिंटेज' आणि सात वर्षांनी कालबाह्य धरली जाते, मग सुटे भाग मिळण्याची खात्री नाही. एमजी रोडवरच्या त्या दुरुस्तीवाल्यांच्या हातात कसब आहे. त्यांना सुटे भाग आणि आकृत्या मिळाल्या तर नाशिकमधल्या शेकडो घरांचे पैसे वाचतील, आणि छायाचित्रकाराला दर वेळी मुंबई-पुण्याकडे पाहावं लागणार नाही.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. सगळं एकाच हातात असतं म्हणूनच तर ते इतकं सुरळीत चालतं. दारं उघडी केली की ती सफाई जाईल. मीही हे बरेच दिवस मानत होते. पण आयफोन १५मध्ये २०२३ साली यूएसबी-सी आलं ते युरोपच्या कायद्याच्या रेट्यामुळे, आणि त्याने फोन वाईट झाला नाही. आमच्या खोलीत एका वायरीवर तीन यंत्रं चार्ज होऊ लागली. यूपीआय तर आपल्यासमोर आहे. रविवार कारंजावर भाजीवालीच्या टोपलीला लावलेला एकच क्यूआर कोणत्याही बँकेचं, कोणत्याही अ‍ॅपचं गिऱ्हाईक वापरतं. २०१६ मध्ये हे सुरू झालं तेव्हा प्रत्येक बँकेला आपापलं कुंपण घालू दिलं असतं तर तिच्या टोपलीला दहा कागद लागले असते. एकमेकांशी जोडलेलं असणं आणि सोपं असणं यांत भांडण असलंच पाहिजे असं नाही.

त्या पंधरा दिवसांत मी स्वतःवर एक प्रयोग केला. आठवडाभर मॅक बंद ठेवून एका साध्या लॅपटॉपवर काम केलं. पुस्तकांची पीडीएफ, युनिकोड मजकूर, पत्रव्यवहार, फोटो हे सगळं आलं, थोड्या खटपटीने पण आलं. पासवर्डांना एक दुपार लागली. अडले ते नोंदींपाशी. चार वर्षं मी एका अ‍ॅपमध्ये ग्राहकांच्या सूचना, शुद्धलेखनाच्या शंका, कागदाचे दर लिहीत आले होते, आणि त्या एकगठ्ठा बाहेर काढायची सोय त्यात नव्हती. एकेक करून काढल्या. स्मरणिकेचा धडा मिळूनही मी तेच केलं होतं, कारण ते हाताशी होतं. आता नोंदी साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिते.

आठवड्याच्या शेवटी मी मॅककडे परत आले, आणि पुढचं यंत्रही बहुधा तेच घेईन. माझी नजर त्या पडद्याच्या रंगांना सरावली आहे आणि तिथे माझं काम लवकर होतं. महिन्याचे ते दोनशे रुपये मी आनंदाने देईन. पण निघायला आठ दिवस लागतात हे आता मला माहीत आहे, आणि तो आकडा मी वाढू देणार नाही.

मुलीचं गणित वेगळं होतं. तिचं अजून काहीच आत अडकलेलं नाही, म्हणून माझ्या राहण्यामागचं सर्वांत मोठं कारण तिला लागूच होत नाही. तिच्या वडिलांशी या विषयावर बोलणं झालं. ते बाजार समितीत आले होते, तिथून दुकानावर आले. मी त्यांना रॅमचं, साठवणीचं सांगितलं. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "ताई, आमच्याकडे एखादी व्हरायटी बाजारात चालेना तर आम्ही वेल कापतो आणि त्याच खुंटावर दुसरीचं कलम भरतो. एक-दोन वर्षं जातात, पण मुळं आपली राहतात, तारा आपल्या राहतात. याच्यात मुळं कोणाची?" मग आपणच पुढे म्हणाले, की आता पेटंटवाल्या जाती आल्यात, त्यांना रॉयल्टी द्यावी लागते, तिथेही सही करण्याआधी लोक हेच विचारतात.

तिने विंडोजचा लॅपटॉप घेतला, पन्नास हजारांच्या आतला, रॅमची एक खाच रिकामी असलेला आणि साठवण दोन स्क्रूंनी निघणारी. एमजी रोडवरच्या दुरुस्तीवाल्यांनी घेण्याआधी तो उघडून पाहिला. आज सकाळी तिने घरून टंकून आणलेलं एका कवितासंग्रहाचं पहिलं पान पेनड्राइव्हवर दिलं. मी ते माझ्या मॅकवर उघडलं. तिसऱ्या ओळीत 'दुसऱ्या' होता, आणि त्यातला ऱ्य जागेवर होता.